कसबे लेसोनीनचा शेवटचा दगड

लेसोनीनमध्ये माणसांचे दोनच प्रकार. एक इथले आणि दुसरे वाहून आलेले. इथले म्हणजे ज्यांचे आजे-पणजे चर्चमागच्या उतारावर पुरलेले आहेत ते. बाकी सगळे पुरानं काठावर आणून टाकलेले. मग ते परवा आलेले असोत, लग्न करून आलेले असोत, नाहीतर अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलेलं असो. द्राहोमीरा झेझुल्कोवाबाई या दुसऱ्या प्रकारात मोडत. तरुणपणी त्या ओस्त्रावाहून, कोळशाच्या खाणींच्या शहरातून, मिलोस्लावशी लग्न करून इथे आल्या. गावच्या शाळेत भूगोल आणि इतिहास शिकवायला लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिल्या. ओल्शिंका ओढा कुठे उगम पावतो, चौकातल्या दगडी खांबाला पूर्वी कुणाला बांधत, आठवड्याच्या बाजाराची सनद कुठल्या राजानं दिली, हे लेसोनीनच्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. बाईंनी ते त्याच्याकडून घोकून घेतलेलं आहे. तरी बाई वाहून आलेल्याच. यात गावाला काही वावगं वाटत नसे. बाईंना वाटे, पण त्या बोलत नसत.

त्या वर्षी गावाचा तोरा काही विचारू नका. चारशे वर्षांहून जास्त काळ लेसोनीन हा कसबा होता. दर मंगळवारी चौकात बाजार भरे, आणि आजूबाजूच्या नुसत्या खेड्यांनी तिथे येऊन बटाटे विकावेत आणि मान खाली घालून परत जावं, अशी रीत होती. मग चौपन्न साली सरकारनं कसबा हा प्रकारच मोडीत काढला. लेसोनीन कोझिनासारखंच एक खेडं झालं. आणि कोझिनासारखं होणं म्हणजे काय, ते लेसोनीनच्या माणसालाच कळे. टेकडीपलीकडच्या त्या गावात बकऱ्या जास्त आणि माणसं कमी, असं इथे लहान मुलांनाही शिकवत. आता कायदा बदलला होता. जुन्या कसब्यांना नाव परत मिळत होतं. लेसोनीनलाही मिळालं, वर एक नवाकोरा झेंडाही आला. झेंड्यावर निळा ओढा आणि हिरवी होमोले टेकडी.

होमोले म्हणजे गावाचा जीव. साखरेच्या ढेपेसारखी टोकदार टेकडी, वर लाकडी मनोरा, मनोऱ्यावरून चार तालुके दिसतात. पत्रांवर होमोले, बिअरच्या पेल्यांखालच्या चकत्यांवर होमोले. आणि टेकडीच्या अगदी माथ्यावर गावाच्या हद्दीचा बारावा, शेवटचा दगड. त्या दगडाला पाठ लावून लेसोनीनच्या तीन पिढ्यांनी लग्नाचे फोटो काढले होते.

नाव परत आलं म्हणून हद्दीची फेरी पुन्हा काढायची, ही कल्पना बाईंची. पूर्वी दर काही वर्षांनी सगळं गाव हद्दीच्या दगडांवरून चालत जायचं. कागद जळतात, दगड बुजतात, म्हणून मुलांना बरोबर न्यायचे आणि प्रत्येक दगडापाशी ओणवं करून एकेकाला वाळुंजाच्या विणलेल्या छडीचा फटका द्यायचे. चांगला लागेल असा. मागून हातात एक कोलाच, म्हणजे चक्का नाहीतर खसखस भरलेला गोड पाव. फटका आणि खाऊ एकत्र मिळाला की ती जागा माणूस म्हातारपणीही विसरत नाही. ज्यानं फटका खाल्ला तो हद्दीचा साक्षीदार. शेवटची फेरी निघाली तिला जन्म उलटला होता. त्या फेरीत फटके खाल्लेल्यांपैकी गावात एकच माणूस उरला होता, वेंडेलिन कुबात.

कुबातराव आयुष्यभर दुधाची गाडी चालवत. आता चौकातल्या लिंडनच्या झाडाखालच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारणं हा त्यांचा धंदा. मिलोस्लावचे ते जिवलग मित्र. दोघांनी मिळून ओल्शिंकातले किती मासे चोरले असतील देव जाणे. मिलोस्लाव गेल्यापासून दर हिवाळ्याच्या तोंडाशी बाईंच्या अंगणात फोडलेल्या लाकडांची रास येऊन पडे. कुणी टाकली विचारलं तर कुबातराव म्हणत, "पुरात आली असतील."

त्या आठवड्यात बाई फेरीच्या तयारीसाठी चौकातून चालल्या होत्या. खांबावरच्या भोंग्यांतून आधी बँडचं संगीत वाजलं आणि मग गावचे अध्यक्ष लुबोश माखाल यांचा आवाज आला, की शनिवारी हद्दीची फेरी आहे, कसब्यातल्या सगळ्यांनी यावं, कसब्यातल्या बायकांनी कोलाचे आणावेत आणि कसब्यातली कुत्री बांधून ठेवावीत.

"कसबा, कसबा, कसबा," कुबातराव म्हणाले. "नव्या नवरीला नवऱ्याचं आडनाव लागावं तसं करतंय पोरगं. काय बाई, मोजून झाले का आमचे दगड?"

"आपले," बाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय. आमचे."

बाकाभोवती चार-पाच माणसं होती. बाई हसत म्हणाल्या, "कुबातराव, शनिवारी छडी तुमच्याच हातात. मलाही एक मिळणार ना?"

"तुम्हाला?" कुबातरावांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "छडी इथल्यांना, बाई. तुम्ही कोलाच घ्या. दोन घ्या, आम्ही काय कंजूष आहोत?"

सगळे हसले. बाईही हसल्या. घरी येऊन त्यांनी कोट काढला आणि तशाच स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. लागलं होतं. आयुष्य गेलं या गावात, नवरा याच मातीत ठेवला, आणि अजून दोन कोलाचे? त्यांच्या घरालासुद्धा गाव पिंपवाल्यांचं घर म्हणे. पूर्वी कधीतरी तिथे पिंपं बनवणारं एक कुटुंब राहायचं म्हणून. त्या पिंपवाल्यांचं आता नखही उरलं नव्हतं, पण घर त्यांचंच होतं.

संध्याकाळी ब्रनोहून मुलीचा, रादानाचा फोन आला.

"आई, सोमवारी ती माणसं घर बघायला येणारेत. नवरा-बायको, एक लहान मुलगी. त्यांना बाग आवडली फोटोत. तू फक्त हो म्हण. इथली खोली तयार आहे, लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे."

"बघू."

"उन्हाळ्यापासून बघू बघू करतेस. तिथे कोण आहे तुझं?"

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. ब्रनोत चार लाख माणसं, सगळी कुठून ना कुठून आलेली. तिथे कुणी कुणाला वाहून आलेलं म्हणत नाही. "सोमवारी सांगते," त्या म्हणाल्या. मनात म्हणाल्या, एवढा शनिवार होऊ दे. माझ्या हातून गावाची हद्द एकदा नीट लागू दे, मग जाईन.

गुरुवारी त्या लुबोशला घेऊन दगड साफ करायला निघाल्या. लुबोश त्यांचा विद्यार्थी. भूगोलात त्याला दर वर्षी ढकलून पुढे घालावं लागे. शेतांतून बटाटे काढणं चाललं होतं, ओल्या मातीचा वास सुटला होता. पुलापाशी पहिला दगड, मग ओढ्याच्या काठाकाठानं एकेक. लुबोश तारेच्या ब्रशनं शेवाळ खरवडी आणि खाली जुना आकडा निघे. त्याच्याखेरीज दगडाच्या डोक्यावर एक लांबट खाच निघे. बाईंना हे माहीत होतं, पुस्तकातून; पण इतकी वर्षं शेवाळाखाली ती कुणी बघितली नव्हती. खाच पुढच्या दगडाची दिशा दाखवते. बाई आपली काठी खाचेत आडवी ठेवत, एक डोळा मिटून बघत, आणि काठीच्या टोकावर पुढचा दगड उभा असे.

"कसले हुशार होते ना लोक," लुबोश म्हणाला.

"तुमच्यापेक्षा पुष्कळ. कोळसा आणि फुटक्या खापऱ्याही घालायचे प्रत्येक दगडाखाली. दगड कुणी हलवला तरी खालची खूण राहते."

अकराव्या दगडापर्यंत सगळं सुरळीत होतं. हा दगड होमोलेच्या पायथ्याशी, जिथून पायवाट माथ्याकडे चढते तिथे. बाईंनी काठी ठेवली, डोळा मिटला, आणि पुन्हा ठेवली. काठी टेकडीकडे बघतच नव्हती. ती डावीकडे, झाडीतल्या झऱ्याकडे बघत होती.

"चुकून तिरकी कोरली असेल," लुबोश म्हणाला.

बाई तशाच टेकडी चढू लागल्या. माथ्यावर जाऊन बाराव्या दगडाची खाच बघितली. ती वळून पुलाकडे, पहिल्या दगडाकडे जायला हवी होती. ती थेट कोझिनातल्या कुणाच्या तरी धुराड्यावर रोखलेली होती. बाईंनी दगडाच्या बुडाशी उकरलं. नुसती मुरमाड माती. मग त्या उतरून झऱ्यापाशी गेल्या. झाडोऱ्यात गुडघाभर चौकोनी खळगा होता, पाला साचलेला. काठीच्या टोकानं ढवळला तर काळा कोळसा वर आला, आणि हिरव्या झिलईच्या मडक्याची खापरी.

हद्द इथे होती. ओढ्याबरोबर येणारी हद्द ओढ्याच्या उगमापाशी थांबते, यात नवल काय? बाईंना स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं फळ्यावर होमोलेचा माथा काढून त्याच्यावर बारा आकडा घातला, आणि एकदाही मनात आलं नाही की ओढ्याबरोबर शहाण्यासारखी चाललेली हद्द अचानक डोंगर कशाला चढेल? तालुक्याच्या नकाशावर रेघ खालूनच जाते, हेही त्यांना माहीत होतं. पण शहरातल्या साहेबांनी खुर्चीत बसून रेघ मारली, असं सगळं गाव म्हणे, आणि गावाबरोबर बाईही म्हणत. त्यांना गावाबरोबर म्हणायला फार आवडे.

"लुबोश," त्या म्हणाल्या, "होमोले आपली नाही. कोझिनाची आहे."

लुबोशचा चेहरा पडला. "बाई, असं नका करू."

"मी काय केलं?"

"झेंड्यावर आहे हो टेकडी! काल शिवून आलाय. आणि शनिवारी कोझिनाची विल्मा येणारे, तिच्या गावची अध्यक्ष म्हणून. तिच्यासमोर आपण काय म्हणायचं? या बसा, कोलाच घ्या, टेकडी घ्या?"

"मुलांना चुकीच्या जागी फटके द्यायचे का मग?"

"फटका तो फटका, बाई. पुढच्या वर्षी गुपचूप काहीतरी करू, शब्द देतो. लोक काय म्हणतील ते तुम्हालाच म्हणतील. माझं सोडा, मी इथला आहे." एवढं बोलून त्यानं जीभ चावली. पण शब्द सुटला होता.

बाई परतताना कुबातरावांकडे गेल्या. ते परसात लाकडं फोडत होते. कुणासाठी ते दोघांनाही माहीत होतं.

"कुबातराव, लहानपणी शेवटचा फटका कुठे खाल्ला होतात?"

कुऱ्हाड थांबली. "बुडावर. आणखी कुठे?"

"तसं नाही. होमोलेच्या माथ्यावर, की खाली झऱ्यापाशी?"

कुबातरावांनी ओंडका उगाच फिरवून ठेवला. त्यांच्या तोंडावरचं नेहमीचं मिश्कील हसू कुठे गेलं ते बाईंना कळेना. "डोळ्यांत पाणी आलेलं माणूस जागा बघत बसतं का?" ते म्हणाले. "आणि बाई, तुम्हाला काय पडलंय? दगड जुने, भांडणं जुनी. तुम्ही सोमवारी घर विकताय म्हणे."

गावात काही लपत नाही. बाईंनी बाहेर पडून फाटक लावलं. त्या रागावल्या होत्या आणि रडवेल्याही झाल्या होत्या, आणि वाटेत भेटलेल्या दोघा-तिघांना नमस्कार करायचं राहून गेलं. बरोबर आहे त्यांचं, त्या स्वतःला सांगत होत्या. मला काय पडलंय? गप्प बसावं, दोन कोलाचे खावेत आणि सोमवारी हो म्हणावं. गप्प बसले तर निदान आठवण तरी चांगली ठेवतील. बोलले तर म्हणतील, शेवटी परकीच ती. जाताना आमची टेकडी घालवून गेली.

शनिवारी लख्ख ऊन पडलं. सगळं गाव पुलापाशी जमलं होतं. पुढे बँड, मग नवा झेंडा, मग मुलं, मग टोपल्या घेतलेल्या बायका. विल्मा, कोझिनाची अध्यक्ष, रुंद खांद्यांची आणि मोठ्या आवाजाची बाई, आपल्या दहा-बारा लोकांना घेऊन आली होती. "बघू तरी," ती म्हणाली, "कसबा झाल्यावर तुमचे दगड सोन्याचे झालेत का."

प्रत्येक दगडापाशी बाई दोन शब्द सांगत, कुबातराव बाह्या सरसावून छडी हलवत, आणि त्या दगडासाठी ठरलेली मुलं एकेक करून पुढे येत. मुली किंचाळत, मुलगे दात काढत. कुबातरावांना दया-माया नव्हती. "आठवेल का?" ते विचारत. "आठवेल!" मूल बुड चोळत ओरडे आणि कोलाचावर तुटून पडे. सातव्या दगडाशी औषधाच्या दुकानवाल्यांच्या मुलीची पाळी होती. दुकान इथे आलं त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. कुबातरावांनी तिलाही फटका दिला. "ही इथेच जन्मलीये," कुणीतरी म्हणालं. "ही नाही, हिची धाकटी बहीण, मागच्या थंडीत," दुसऱ्यानं सांगितलं. "मग उरलेला फटका धाकटीला पोचव गं," कुबातराव म्हणाले. बाईही हसल्या, पण आतून त्यांना त्या मुलीचा हेवा वाटला. या वयात सहा वर्षांच्या पोरीचा हेवा.

अकराव्या दगडानंतर बँडनं चढणीचं संगीत सुरू केलं आणि झेंडा पायवाटेनं होमोलेकडे वळला. शेवटचा फटका खाणारी दोघं मुलं आधीच धावत सुटली होती.

बाई अकराव्या दगडापाशीच थांबल्या. लुबोश पलीकडून त्यांच्याकडे बघत होता, डोळ्यांनी विनवत होता. त्यांना खरोखरच गप्प बसायचं होतं. पण ती दोन मुलं वर जाऊन ओणवी होणार, फटका खाणार, आणि साठ-सत्तर वर्षांनी आपल्या नातवंडांना छातीठोकपणे चुकीची जागा दाखवणार. आणि ती जागा त्यांना बाईंनी शिकवलेली असणार. मिलोस्लावच्या गावाची हद्द. माझ्या गावाची, त्यांच्या मनात आलं, कुणी काही म्हणो.

"थांबा," त्या म्हणाल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. मग त्यांनी शाळेतला आवाज काढला. "थांबा!"

बँड मध्येच तुटला. झेंडावाला पायवाटेवर तसाच उभा राहिला. तिथली निम्मी माणसं या आवाजाला घाबरतच मोठी झाली होती.

"दगड वर आहे," बाई म्हणाल्या, "पण हद्द वर नाही. हद्द इथे आहे, झऱ्यापाशी." त्यांनी काठी खाचेत ठेवून दाखवली. खळगा दाखवला. पिशवीतून कोळसा आणि हिरवी खापरी काढून दाखवली. "होमोले आपली नाही. मला हे आज सांगायचं नव्हतं. पण मुलांना खोटं शिकवता येत नाही मला."

 मग मागून एक बाई टोपली खाली ठेवत म्हणाली, "आजच्या दिवशी हे काय, बाई?" आणि कुणीतरी हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालं, "इथलं माणूस असतं तर बोललं नसतं." विल्माचं तोंड मात्र कानापर्यंत फाकलं होतं. लुबोश लालबुंद होऊन झेंड्याकडे बघत होता.

बाईंनी खाली मान घातली. होऊ दे, त्यांना वाटलं. संपलं आता.

तेवढ्यात छडी जमिनीवर टेकवत कुबातराव गर्दीतून पुढे आले. ते झऱ्यापाशी गेले, वाकून पाण्यावरचा पाला हातानं बाजूला सारला आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"वर पाणी नाही," ते म्हणाले.

"काय?" लुबोशनं विचारलं.

"होमोलेवर पाणी नाही रे. मला ओणवं केलं तेव्हा खाली पाणी होतं. त्यात मी माझंच तोंड बघितलं. शेंबूड गळत होता. मागं बापाचा हात, हातात छडी. मग फटका. तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. होमोलेवर मला काय दिसलं असतं, मुंग्या?"

"मग दगड वर कसा गेला?" विल्मानं विचारलं.

कुबातराव तिच्याकडे नाही, गावाकडे वळले. "चौपन्न साली कागद आला की आजपासून तुम्ही कसबा नाही. जत्रेचे दिवस होते. बिअरखान्यात सगळी मोठी माणसं बसलेली, कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. मग एक जण म्हणाला, नाव नेलं ना त्यांनी? मग आपण टेकडी घेऊ. लुबोश, तो तुझा आजा होता."

लोक खुदखुदायला लागले. लुबोशनं टोपी डोळ्यांवर ओढली.

"दगड आमच्या गाड्यावर घातला, दोन गायी जुंपल्या. गायी मी धरल्या होत्या, मिशी फुटत होती मला तेव्हा. ढकलायला माझा बाप, तुझा आजा, पाववाल्यांचा थोरला, त्या पिंपवाल्यांचा शेवटचा. वर पोचेपर्यंत आलुबुखाराची दारू संपली होती, म्हणून दगड वाकडा रोवला. सकाळी सगळ्यांनी खालून बघितलं. फार शोभत होता हो. कुणाला काढवेना."

"आणि आमची माणसं कुठे होती?" विल्मा म्हणाली.

"तुमची? आमच्या जत्रेत नाचत होती. फुकट बिअर सोडून कोझिनाचा माणूस दगड राखायला जाईल?"

आता दोन्ही गावं मोकळी हसली. हसू ओसरल्यावर कुबातराव म्हणाले, "नाव परत आलं. मग टेकडी परत द्यायला नको? झेंडा आला तेव्हापासून माझ्या मनात हेच. पण मला बोलता येईना. बाप तिकडे उतारावर झोपलाय. लुबोशला बोलता येणार नाही. इथे ज्याला त्याला आजा आहे." त्यांनी बाईंकडे बघितलं. "परवा तुम्ही परसात आलात तेव्हा अगदी जिभेवर आलं होतं. पण म्हटलं, थांब वेंडेलिन, बघू. वाहून आलेलं माणूस असेल तर गप्प राहील. त्याला काय, सोमवारी घर विकून मोकळं. दगड इकडे असो की तिकडे."

बाईंनी कोळसा आणि खापरी पिशवीत परत ठेवली. 

"आम्हाला नको बाबा ती टेकडी," विल्मा मध्येच म्हणाली. "तिच्याबरोबर मनोऱ्याच्या पायऱ्या आल्या, गवत कापणं आलं. टेकडी आमची म्हणून लिहून द्या, आणि गवत पूर्वीसारखं तुम्हीच कापा. कसबा आहात ना?"

"ते तुम्ही दोघं अध्यक्ष भांडा," कुबातराव म्हणाले. "आधी माझं काम होऊ दे." त्यांनी शेवटच्या दोघा मुलांना बोलावलं, झऱ्यावर ओणवं केलं, एकेक फटका दिला. "पाण्यात बघा, स्वतःचं तोंड बघा," ते ओरडत होते. मग त्यांनी छडी दुसऱ्या हातात घेतली, तळवा पँटला पुसला आणि छडी पुन्हा उजव्या हातात धरली.

"द्राहोमीरा," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी हे नाव कधी घेतलं नव्हतं. नेहमी बाई, नेहमी तुम्ही. "वाक."

"कुबातराव..."

"वेंडेलिन म्हण. आणि वाक लवकर, माझा खांदा दुखतोय."

बाईंनी काठी लुबोशच्या हातात दिली. कोट सावरला. झऱ्यावर ओणव्या झाल्या. पाण्यात त्यांना आपलं पांढरं डोकं दिसलं, डोळ्यांतून पाणी येऊन नाकाच्या शेंड्यावर थांबलेलं, मागे आकाश, आणि आकाशात वेंडेलिनचा वर गेलेला हात. मग फटका. त्यानं बाईंची मुळीच गय केली नाही.

"आठवेल का?"

"आठवेल," बाई म्हणाल्या. हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांनाच समजत नव्हतं.

"पुढच्या फेरीला मी नसेन. पोरांना ही जागा तू दाखवायची." त्यानं टोपलीतून एक खसखशीचा कोलाच घेऊन त्यांच्या हातावर ठेवला. एकच. बँडवाल्यांनी कुणी न सांगता पुन्हा सुरुवात केली.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. अंगणात लाकडांची रास पडलेली होती, नेहमीपेक्षा मोठी.

"आई, काय ठरवलंस मग?" रादानानं विचारलं. "जरा शांतपणे बसून बोल ना माझ्याशी."

"आज बसता येणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि त्या माणसांना सांग, सोमवारी येऊ नका. मी इथली साक्षीदार आहे."